घाबरणाऱ्याचं ऐकायचं

मंगळवारी सकाळचा चहा झाला की गजभिये मॅडम पर्समधून मऊ फडकं काढून चष्मा पुसायच्या, तो नाकावर नीट बसवायच्या आणि उठून चालू कारखान्याच्या मेंदूची वायर उपटायच्या. हे मी अलंकारिक भाषेत सांगत नाही. वायर खरीखुरी, मेंदूही म्हणायला हरकत नाही असा, आणि कारखाना तर धडधडत चालू असायचा.

कळमेश्वरच्या औद्योगिक वसाहतीत आमचा कारखाना आहे. रंगात घालायचं रेझिन तिथे शिजतं. शिजवायचं भांडं म्हणजे दोन मजली उंचीचा बंद रिअॅक्टर. आतला माल एका टप्प्यावर स्वतःच तापायला लागतो, आणि तेव्हा थंड पाणी वेळेवर मिळालं नाही तर पुढे काय होतं ते कुणी विचारूही नये. वाफ कधी सोडायची, पाणी कधी सोडायचं हे कंट्रोल रूममधल्या कपाटातली एक पेटी ठरवते. अशा पेट्या दोन. एक काम करते, दुसरी राखीव. पहिली बंद पडली तर दुसरीनं त्या क्षणी सूत्रं हाती घ्यायची, पाण्याच्या व्हॉल्व्हला कळतासुद्धा कामा नये, असं कंपनीच्या माहितीपत्रकात लिहिलेलं आहे. सगळे त्यावर विश्वास ठेवतात. मॅडम ठेवत नव्हत्या.

मी नवीन लागले तेव्हा पहिल्याच मंगळवारी त्यांनी मला कपाटासमोर उभं केलं आणि म्हणाल्या, "वैशाली, उपट."

"मॅडम, चालू आहे."

"चालू आहे म्हणूनच. बंद असताना उपटून काय कळून राहिलं तुले?"

मी डोळे जवळजवळ मिटून वायर ओढली. एक हिरवा दिवा विझला, शेजारचा लागला. पडद्यावरचा एकही आकडा हलला नाही. पॅनलवर आमचे ऑपरेटर ढोबळे काका बसले होते. त्यांनी मान वळवण्याचेही कष्ट घेतले नाहीत. "झालं का जी? चहा सांगू आणखी?" एवढंच विचारलं. मॅडमनी वायर परत जोडली आणि मला बजावलं की आता ही पेटी दुसरीकडून सगळी माहिती उतरवून घेईल, त्याला वेळ लागतो, तोवर कारखाना एका पेटीवर आहे. तोवर कुणी कपाटाला हात लावायचा नाही. मग नेहमीचं वाक्य आलं, जे मी पुढे शेकडो वेळा ऐकलं: "ज्याले कधी उठवून पाहिलं नाही, तो जागा हाय हे तुले कोणं सांगितलं?"

सुनंदा गजभिये आमच्या इन्स्ट्रुमेंट विभागाच्या प्रमुख होत्या. उत्तर नागपुरात वाढलेल्या. आजोबांच्या पिढीनं नागपुरात दीक्षा घेतली, तेव्हापासून त्या घरात शिक्षणाशिवाय दुसरा विषय नव्हता, असं त्या सांगायच्या. थोरली बहीण शकुंतलाताई शाळेतून निवृत्त झालेली. लग्न दोघींनीही केलं नाही, दोघी एकत्रच राहायच्या. साहेब लोकांशी मॅडम शुद्ध मराठी आणि तितकंच शुद्ध इंग्रजी बोलत. आमच्याशी बोलताना मात्र घरची भाषा यायची, आणि रागावल्या की फक्त तीच.

त्यांचा राग मी पहिल्यांदा पाहिला तो एका मे महिन्यात. त्या दोन पेट्यांना दोन वेगवेगळ्या यूपीएसवरून वीज होती. वायरिंग वेगळं, बॅटऱ्या वेगळ्या, बिलंसुद्धा वेगळी. नागपूरच्या उन्हात एका दुपारी दोन्ही यूपीएस पाठोपाठ बंद पडले. नशिबानं त्या दिवशी रिअॅक्टर रिकामा होता. आम्ही सर्किटं तपासत बसलो, पण मॅडम सरळ यूपीएसच्या खोलीत गेल्या आणि खिडकीपाशी जाऊन उभ्या राहिल्या. खिडकीत कूलर होता. त्याची मोटर चालू होती, पण पाण्याचा पंप बंद पडला होता, त्यामुळे तो आत नुसती गरम हवा फेकत होता. खोली इतकी तापली की दोन्ही यूपीएसनी मान टाकली.

"यूपीएस दोन," मॅडम म्हणाल्या, "कूलर एक. मंग यूपीएस किती?"

उत्तरही त्यांनीच दिलं: "एक."

तेव्हापासून "कूलर एक आहे का?" हा आमच्या विभागाचा प्रश्न झाला. दोन फिटर एकाच लग्नाला निघाले की विचारायचं. दोन सुटे भाग एकाच दुकानातून आले की विचारायचं. मॅडमच्या घराची जादा किल्ली शेजारी नव्हती, नागपूरच्या महाल भागात राहणाऱ्या ढोबळे काकांकडे होती, कारण शेजारी आणि त्या दोघी एकाच वेळी गावाला जातात. आम्ही चिडवायचो. त्या चिडायच्या नाहीत, उलट आमच्या थट्टेतून व्यवस्थेतली काही खोट निघते का ते तपासायच्या.

आता थर्मामीटरांची गोष्ट सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावरच उभं आहे. रिअॅक्टरमध्ये तीन थर्मामीटर आहेत. तिघांतले दोघे "फार तापलं" म्हणाले की वाफ आपोआप बंद होते आणि थंड पाणी सुटतं. एकटा बोंबलला तर ऐकायचं नाही, तो बिघडलेला असू शकतो. एकदा एका थर्मामीटरचा आकडा वेड्यासारखा नाचायला लागला. मॅडमनी त्याला मतदानातून काढलं आणि यंत्रणेला सांगितलं की आता उरलेल्या दोघांपैकी एकानं जरी धोका म्हटलं तरी बंद करायचं. संध्याकाळी त्या दोघांतला एक म्हणाला तापलं, दुसरा म्हणाला ठीक. रिअॅक्टर बंद पडला, आतला सगळा माल दगड झाला. आणि तपासल्यावर निघालं काय, तर तापलं म्हणणारा थर्मामीटरच खोटं बोलत होता.

मॅनेजर साहेब लालबुंद झाले. एका थर्मामीटरच्या सांगण्यावरून एवढा माल घालवलात, म्हणाले. मॅडम शांतपणे म्हणाल्या, "ज्याच्यावर संशय आहे, त्याचं मत धरायचं नाही. उरलेल्या दोघांचं पटलं नाही, तर घाबरणाऱ्याचं ऐकायचं. तो चुकला तर माल जातो. न घाबरणारा चुकला तर माणसं जातात." साहेबांनी आणखी बरंच ऐकवलं. मॅडमनी ते ऐकून घेतलं, पण माफी काही मागितली नाही.

ह्यानंतर बरीच वर्षं गेली. मी लग्न करून कामठीला गेले, तिथून शेअर ऑटोनं चौकात येऊन कंपनीची बस पकडायला लागले. बसमध्ये ढोबळे काका माझ्यासाठी शेजारच्या सीटवर डबा ठेवून जागा धरत. मॅडमचं निवृत्तीचं वय जवळ आलं. आणि मग तो मंगळवार आला.

सकाळी चहा झाला, चष्मा पुसला गेला, वायर उपटली गेली, दिवे बदलले, वायर परत जोडली. दर मंगळवारसारखं. मी फाइल आणायला कपाटामागे गेले. परत आले तर मॅडम पुन्हा कपाटासमोर उभ्या. चष्मा पुसत. मला वाटलं, काही तपासत असतील. त्यांनी चष्मा घातला आणि दुसऱ्या पेटीच्या वायरकडे हात नेला. पहिली पेटी अजून माहिती उतरवून घेत होती. बाहेर रिअॅक्टर भरलेला होता, माल स्वतःहून तापायला लागला होता. पॅनलवरून काकांचा आवाज आला, अगदी नेहमीसारखा: "झालं ना जी मघाशी. या, चहा पिऊ."

मॅडमचा हात थांबला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या चेहऱ्यावर जे असेल ते त्यांनी पूर्ण वाचलं, कारण त्या तिथेच खुर्चीत बसल्या.

पुढच्या आठवड्यात त्यांनी आम्हा दोघांना बोलावलं. डॉक्टरांकडे जाऊन आल्या होत्या. डॉक्टर म्हणाले होते, वयानं होतं, ताण कमी करा, सहा महिन्यांनी पाहू. "सहा महिने रिअॅक्टर काही थांबून राहणार नाही," मॅडम म्हणाल्या. "आजपासून तीन थर्मामीटर. मी, ढोबळेजी अन् तू. दर शनिवारी दोघांनी वेगवेगळं येऊन सांगायचं. मी ठीक हाओ की नाही. एकच शब्द सांगायचा, कारण सांगायचं नाही. अन् दोघांनी आपसात बोलायचं नाही. दोन थर्मामीटर एकमेकाले इचारून आकडा दाखवायले लागले, तं तो एकच थर्मामीटर होते."

मला ते क्रूर वाटलं. आजही वाटतं. पण त्या बाईंना दुसरी कुठलीही पद्धत पटली नसती. शनिवारी मी केबिनमध्ये जायचे, "ठीक" म्हणायचे आणि बाहेर पडायचे. त्या मान हलवायच्या. खरंच ठीक असायचं, पुष्कळदा. एखादा शब्द अडायचा, एखादं नाव सापडायचं नाही. ते तर माझंही होतं. तरी शुक्रवार उजाडला की मी आठवडाभरातलं एकेक आठवून तपासत बसायचे.

काकांना ही शिस्त जमण्यासारखी नव्हती. बसमध्ये माझ्याकडे झुकून हळूच विचारायचे, "काय सांगतं वं तू?"

"काका, बोलायचं नाही ना."

"मी काय इचारून राहिलो? मी तं म्हणतो, ठीकच सांग. एक साल राहिलं बाईचं. जिंदगीभर ह्या कारखान्याले सांभाळलं तिनं, एक साल आपण तिले सांभाळू." आणि मग खिडकीबाहेर बघत बसायचे. काकांचं म्हणणं मला माणुसकीचं वाटायचं, म्हणूनच त्याची भीती वाटायची.

उन्हाळ्यात एक थर्मामीटर दुरुस्तीला काढायचा होता. दुरुस्तीपुरतं त्याला मतदानातून वगळायला पॅनलमागे किल्ली फिरवावी लागते, त्याला आम्ही बायपास म्हणतो. प्रत्येक थर्मामीटरचं कुलूप वेगळं, ओळीनं लावलेलं. हे काम मॅडमनी स्वतः केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी फेरी मारताना पाहिलं, तर किल्ली भलत्याच कुलपात फिरलेली. चांगला थर्मामीटर वगळलेला आणि बिघडलेला मतदानात बसलेला. रात्रभर रिअॅक्टर असाच चालला. झालं काहीच नाही. मी किल्ली फिरवून सगळं जागेवर आणलं आणि भिंतीला टेकून उभी राहिले.

काकांना सांगावं लागलं, पॅनल त्यांचं. ते म्हणाले, "कुलपं बाजूबाजूले हायेत, हातमोजे घालून कोणाचाही हात चुकते. मागच्या साली शिफ्टवाल्यानं नव्हतं का केलं असंच?" केलं होतं. त्यात खोटं काहीच नव्हतं. म्हणून मी मॅडमकडे गेले आणि विचारलं, काल किल्ली लावताना काय झालं होतं.

"मी काल तिकडे गेलीच नाही," मॅडम म्हणाल्या.

तो शनिवार होता. दुपारी त्यांनी आम्हाला पहिल्यांदाच एकत्र बोलावलं. टेबल नेहमीसारखं लख्ख होतं. म्हणाल्या, "वैशालीनं सकाळी जे इचारलं, त्याच्यावरून मले समजलं काही झालं म्हणून. काय झालं ते सांगू नका. फक्त शब्द सांगा. ढोबळेजी?"

"ठीक," काका म्हणाले, जरा मोठ्यानंच.

"वैशाली?"

मी पंख्याकडे पाहिलं. शाळेतही मला कुणी शिकवलं नसेल इतक्या जिव्हाळ्यानं ज्या बाईंनी मला काम शिकवलं, त्यांच्या तोंडावर मी म्हणाले, "ठीक नाही."

काका माझ्याकडे वळले. "एक साल सांभाळता येत नाही तुले? मी हाओ ना. तू हायेस."

मॅडमनी हात वर केला. "ढोबळेजी, तुम्ही दोघं मले सांभाळून राहिले, तं मंग माझ्यावर नजर कोण ठेवून राहिलं?" "संशय माझ्यावर हाय. म्हणजे माझं मत निघालं. उरले दोन. एक म्हणते ठीक, एक म्हणते नाही. तुमची जिंदगी गेली पॅनलवर. सांगा, मंग काय करतो आपण?"

मॅडम थांबून राहिल्या. त्यांना ते काकांच्याच तोंडून हवं होतं.

"बंद करतो जी," काका म्हणाले.

मॅडमनी पर्समधून बायपासच्या दोन किल्ल्या काढल्या, एक काकांना दिली, एक मला. "एका खिळ्याले लटकवू नका," म्हणाल्या. काका बाहेर गेले. मी तशीच उभी होते. मला रडू येत होतं आणि त्यांच्यासमोर रडायचं नव्हतं.

"मॅडम, मी चुकत असेन."

"असशील बी," त्या म्हणाल्या. "तो थर्मामीटर बी चुकलाच होता." आणि फडकं काढून चष्मा पुसायला लागल्या, बराच वेळ.

सोमवारपासून त्या रजेवर गेल्या आणि रजेतूनच निवृत्त झाल्या. निरोपसमारंभ नको म्हणून कळवलं. नंतर मोठ्या तपासण्या झाल्या आणि आजाराला नाव मिळालं. मी बरोबर ठरले, ह्याचा मला काडीचाही आनंद झाला नाही. खरं सांगायचं तर मला चुकायचं होतं. मंगळवारची वायर आता मी उपटते. काका पॅनलवर असतात. पण पुढचे कित्येक महिने ते "झालं का" म्हणाले नाहीत, चहाही सांगितला नाही. बसमध्ये ते माझ्यापासून चार रांगा पुढे बसू लागले. शेजारच्या सीटवर त्यांचा डबा असायचा, पण मला जागा धरायला नव्हे, कुणी बसू नये म्हणून.

मग एक दिवस शकुंतलाताईंचा मला फोन आला. सुनंदा सारखा कारखान्याचाच विषय काढते, म्हणाल्या, तुम्ही दोघं येऊन जा. काकांना निरोप दिला तर त्यांनी फक्त मान हलवली. रविवारी चौकातून आम्ही एकाच ऑटोत बसलो आणि वाटेत एक अक्षर बोललो नाही.

घरात खोली थंड होती. समोरासमोरच्या भिंतींत दोन छोटे कूलर लावलेले. मला हसू आलं. मॅडम खुर्चीत बसल्या होत्या, केस पूर्ण पांढरे झालेले. आम्हाला त्यांनी ओळखलं. निदान कारखान्याचे आहोत हे ओळखलं. चहा आला. त्यांनी रिअॅक्टरचं विचारलं, नव्या पंपाचं विचारलं, आणि त्याच पंपाचं पुन्हा विचारलं. मग एकदम कप खाली ठेवला.

"मले कोणं काढलं?"

शकुंतलाताईंनी आमच्याकडे पाहिलं. नंतर त्या म्हणाल्या की हेच चाललं होतं कित्येक दिवस. मी आपणहून सोडणारी नाही, कुणीतरी डाव केला, असं म्हणत मॅडम रात्री उठून बसायच्या, जेवण ढकलायच्या.

"कोणं काढलं सांगा ना. डाव केला का कोणी?"

मी बोलायला तोंड उघडलं. ते माझंच उत्तर होतं, दुसऱ्या कुणाचं नव्हतं. पण माझ्याआधी काका बोलले.

"डाव नाही जी. मी म्हटलं होतं, ठीक नाही म्हणून. वैशालीनं बी म्हटलं. दोघांनी म्हटलं."

मॅडमनी आधी काकांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. पॅनलवरचे दोन आकडे ताडून बघायची त्यांची जुनी नजर होती ती. मी त्या नजरेखाली कितीतरी वर्षं काम केलं होतं. ती चुकवता येत नाही हे मला माहीत होतं.

"दोघांनी?"

"हो जी."

"आपसात बोलून तं नाही ठरवलं?"

काकांनी माझ्याकडे पाहिलं. किती महिन्यांनी पाहिलं असेल.

"नाही मॅडम," मी म्हणाले. "आम्ही बोललोच नाही."

"मंग बरोबर हाय," मॅडम म्हणाल्या. त्यांनी खुर्चीत पाठ टेकली आणि ताईंना म्हणाल्या, "दोघांनी म्हटलं वं. मंग बंद करावंच लागते." आणि कप उचलून उरलेला चहा पिऊन टाकला.

सोमवारी मी बसमध्ये चढले. काका नेहमीच्या सीटवर होते, शेजारी डबा. मी त्यांना ओलांडून माझ्या मागच्या सीटकडे जायला लागले तर त्यांनी डबा उचलून मांडीवर घेतला आणि खिडकीकडे सरकले.